साहेब गाळले गेले त्याची गोष्ट

“एकही गुणाकार नाही! नुसत्या बेरजांवर चालतो माझा फिल्टर!”

वॉकीटॉकी बनवणाऱ्या कंपनीतल्या या इंजिनिअरला सगळे काटकसरे म्हणत. आजूबाजूच्या पंपांची घरघर गाळायची आणि माणसाचा आवाज तेवढा पुढे सोडायचा, हे त्याच्या फिल्टरचं काम. आवाज गाळताना यंत्र सतत गणित करतं आणि त्यातले गुणाकार बॅटरी खातात, म्हणून यानं गणितातले आकडे इतके तासले, इतके तासले, की सुतारानंही हात टेकावेत!

“दुसऱ्या कुणाला बोलायला लावून पाहिलंस का?” बायकोनं विचारलं.

“आवाज इथून तिथून सारखाच गं! माझा पोचला की जगाचा पोचला!”

त्याचा स्वतःचा आवाज शिट्टीसारखा बारीक. कंपनीच्या साहेबांचा मात्र रिकाम्या पिंपातून आल्यासारखा!

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचे प्रमुख जवानांना घेऊन खरेदीला आले. ऑर्डर मिळाली की काटकसरेची बढती पक्की! साहेब वरच्या मजल्यावर दार लावून बसले, प्रमुख खाली अंगणात वॉकीटॉकी कानाला लावून उभे. साहेबांनी बटण दाबून स्वागताचं भाषण सुरू केलं.

खाली आलं ते एवढंच, “स्स्स... श्श्श... स्स्स...”

काटकसरेच्या लगेच लक्षात आलं. घरघरीबरोबर साहेबांचा अख्खा जाड आवाजच गाळला गेला होता! उरले होते नुसते स आणि श!

प्रमुखांचे डोळे विस्फारले. “वर गॅस गळतोय! इमारत रिकामी करा!”

“नाही हो! तो गॅस नाही, आमचे साहेब आहेत!”

“साहेब आत अडकलेत? अरे, मग आधी बोलायचं ना! शिडी लावा!”

“अहो, ते भाषण करताहेत!”

“म्हणजे गॅस डोक्यात गेला बिचाऱ्यांच्या! पळा!”

साहेब ‘सर्वांच्या सहकार्यानं’पर्यंत पोचले होते. तेवढ्यात खिडकीतून दोन जवान आत उतरले. काही कळायच्या आत जवानांनी साहेबांना पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि सगळ्या कंपनीच्या डोळ्यांदेखत शिडीवरून खाली आणलं. टाय तोंडावर, एक बूट वरच!

“खरेदीचं पुढे बघू,” प्रमुख त्यांची पाठ चोळत म्हणाले. “आधी मोकळा श्वास घ्या. बोलता येतंय का?”

येत होतं. काटकसरेकडे रोखून बघत, मोकळ्या हवेत, कुठल्याही फिल्टरशिवाय साहेब बराच वेळ बोलले. शब्दन् शब्द पार रस्त्यापर्यंत खणखणीत ऐकू गेला. इथे सांगण्याजोगा मात्र त्यात एकही नव्हता!