बिनतिखटाची तेरवी

मे महिन्यातल्या एका रविवारी शेजारच्या गुलाबरावांच्या पत्नीच्या, शांताबाईंच्या तेरवीला साठ पानांचा स्वयंपाक झाला. आचाऱ्याची मजुरी तीन हजार ठरली होती. पंगतीत मी होतो, गुलाबरावांचा मेहुणा होता, सगळी गल्ली होती. पत्रावळीवर गुरगुट्या भात, पांढरं वरण, उकडलेला दुधी आणि दही. तिखट नाही, फोडणी नाही, मीठही बेतानं.

"भाऊजी, हे तेरवी आहे का दवाखाना?" मेहुण्यानं विचारलं.

"पोटाले झेपलं पाहिजे गा."

हे गुलाबरावांचं ठरलेलं वाक्य. सिमेंटच्या रस्त्याबद्दल ते हेच म्हणत, कोणाच्या जावयाबद्दलही हेच. पण त्यांचा खरा विषय म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरची कुत्र्याची पिल्लं. पोटं नाजूक, जरा काही वेगळं खाल्लं की ओकत. शांताबाई त्यांना दहीभात घालायच्या. त्या अंथरुणाला खिळल्यावर ते काम यांच्याकडे आलं. कोणी शिळं टाकायला निघालं की हे डबा उघडून वास घेत. माझ्या बायकोची वांग्याची भाजी त्यांनी दोनदा परत पाठवली. "वहिनी, हे तुमच्याच पोटाले झेपन का?" तिनं बोलणं टाकलं.

साठांपैकी एकतीस जण पोटभर जेवले. मेहुणा पानावरून उठून गेला. मीही घरी येऊन लोणच्याशी पोळी खाल्ली आणि संध्याकाळी जाब विचारायला गेलो.

ते कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते. तीन पिल्लं उष्ट्या पत्रावळी चाटत होती.

"माणसं उपाशी गेली, गुलाबराव. कुत्र्यांसाठी?"

"पत्रावळी इथंच पडतेत न. मागच्या खेपेले मटणाचा रस्सा होता. पाचातले दोन गेले." एक पत्रावळ पिल्लांकडे सरकवून म्हणाले, "शांता धंतोलीच्या दवाखान्यात भरती होती. रोज विचारे, पिल्लं जेवले का. मी सांगो, पाचही खेळून राहिले. जाईपर्यंत तिले पाचच माहीत होते."

मागची खेप म्हणजे माझ्या नातवाचं जावळ. एकशेदहा पानं, मी स्वतः मोजून आणलेली. उष्टी कोपऱ्यावर टाका, हेही मीच सांगितलं होतं. त्या दिवशी वास घ्यायला गुलाबराव गल्लीत नव्हते, दवाखान्यात होते. पानं कोणाच्या घरची, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी माझं नाव काढलं नाही.

तेवढ्यात आचारी आला. गुलाबरावांनी त्याच्या हातावर साडेतीन हजार ठेवले.

"तीनच ठरले होते, काका."

"माह्यापायी तुह्यं नाव खराब झालं. ठेव."

आचाऱ्यानं पैसे घेतले. मी कोणाला काही दिलं नाही.