अस्वलिणीची हरकत नाही

सुधारलेल्या देशात शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कोणी कुंपणसुद्धा घालत नाही. उत्तर स्वीडनमधली ही नगरपालिका तर इतकी सुधारलेली, की डोंगरात सुट्टीचे बंगले बांधायला सुरुंग लावण्याआधी तिने दोनशे मीटरच्या आतल्या सगळ्या शेजाऱ्यांना पत्रं धाडायचं ठरवलं. तीन आठवड्यांत उत्तर नाही, म्हणजे हरकत नाही. शेजारी निघाले दोन: म्हातारा रूने बाकमन आणि एक झोपलेली अस्वलीण.

अस्वलिणीची नोंद पालिकेच्या वनअधिकारी गुनवोरबाईंनीच केली होती. बर्फातल्या श्वासाच्या भोकाला कान लावल्यावर आत पिल्लं कुरकुरताना ऐकू आली (संख्या दोन, व्यवसाय दूध पिणे). सुरुंगाने आई एकदा उठून पळाली, की परत येत नाही आणि पिल्लं गारठून मरतात. काम एप्रिलपर्यंत थांबवा, एवढंच बाईंचं मागणं.

समितीने कॉफी आणि वेलचीचे पाव खात (बैठका चार, पाव छप्पन्न) ते सहानुभूतीने ऐकलं. अध्यक्ष पेर-ओलोव भला माणूस. तो म्हणाला, "हे बघ गुनवोर, आपण भेदभाव करत नाही. तिलाही पत्र देऊ."

बाईंनी स्कीवरून जाऊन पत्र बिळाच्या तोंडाशी ठेवलं. पोचपावतीवर सही मिळाली नाही. पालिकेने मोठ्या मनाने ते चालवून घेतलं. बाईंनी अस्वलिणीच्या वतीने हरकत लिहिली, तर मुखत्यारपत्र कुठंय, असं विचारलं गेलं. स्वतः बाई चौदा किलोमीटरवर राहणाऱ्या, म्हणजे बाधित नव्हेत.

उरला रूने. त्याची एक सही पुरली असती. शेवटच्या दिवशी बाई हरकतीचा अर्ज लिहूनच त्याच्या दारात उभ्या राहिल्या. त्याने पत्र न वाचताच चूल पेटवायला वापरलं होतं.

"सही कर, रूने. अजून दोन तास आहेत."

"माझ्या दारातला बर्फ पालिकाच काढते गं," रूने म्हणाला. "शिवाय कोणीतरी हरकत घेतलीच असेल की. आपल्याकडचे लोक जागरूक आहेत."

सोमवारी सुरुंग उडाले. बाई पोचल्या तेव्हा बीळ उघडं होतं आणि दोन्ही पिल्लं लाकडासारखी ताठ. बाईंना रडू आलं, रागही आला. अहवालात दोन्हींसाठी रकाना नव्हता. त्यात एवढंच आलं: 'एका शेजाऱ्याने स्वेच्छेने स्थलांतर केले. हरकती शून्य.'

वाचून हळहळ वाटली असेल, तर पालिकेला कळवू नये. मुदत टळली आहे. तुमच्या सोसायटीच्या फाटकावर गेल्या महिन्यात जो कागद चिकटवलाय, त्याची मुदत अजून आहे. त्यावर काय लिहिलंय, सांगा बरं.