येव दे, येव दे, पुरो

आमच्या गल्लीत कुणी काहीही मागे घेऊ लागला की सोनू त्याच्या पाठीमागे हजर असतो. गाडी, रिक्षा, मासेवालीची स्कूटर, काहीही. एकदा लग्नातला फोटोग्राफर सगळे चौकटीत मावावेत म्हणून मागे सरत होता, तर त्याच्याही मागे सोनू उभा. "येव दे, येव दे, जरा क्लीनर साईडीक... पुरो." फोटोग्राफर बिचारा थांबलासुद्धा.

सोनूने खनिजाच्या ट्रकवर सव्वीस वर्षं क्लीनर म्हणून काढली. ट्रक मागे घेताना पाठीमागे उभं राहून ड्रायव्हरला सांगायचं, हे क्लीनरचं काम. पुढे ट्रक विकला गेला, सोनू राहिला. डिचोली बाजाराच्या मागे आमची गल्ली, तिच्या तोंडाशी त्याचं घर आणि घराच्या सोप्यावर दिवसभर तो. डावं-उजवं त्याला मान्य नाही. जगाला बाजू दोनच, ड्रायव्हर साईड आणि क्लीनर साईड. माझी दाढ दुखत होती तेव्हा त्याने खयच्या साईडीची म्हणून विचारलं. मी डावी म्हटलं. "म्हणजे क्लीनर साईडीची. ती नसली तरी गाडी चलता," म्हणाला आणि विषय संपवला.

मी भू-मापनाच्या नोकरीत आहे, म्हणून तो मला मापारी म्हणतो. आमची गल्ली साडेअकरा फूट रुंद, माझी गाडी पावणेसहा. फाटकातून मागे घेतली की शेवटी कुंपणाची भिंत. गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा आहे, पण खनिजाच्या धुळीने त्यात सगळं जग तांबडं दिसतं. शिवाय तो पीं पीं करतो, ते सोनूला अपमानास्पद वाटतं. "त्याका गप कर," असं बजावून तो आपलं ठरलेलं वाक्य म्हणतो, "गाडी तुझी, डोळे माझे."

आणि डोळे खरोखरच अचूक. तो "पुरो" म्हणाला की बंपर आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा उरायची. मी टेप लावून पाहिलं आहे. अठरा इंच. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा अठरा.

चतुर्थी झाली आणि काहीतरी बिघडलं. एक दिवस नऊ इंच उरले. मग चार. मला कळेना. मी टेप तपासली, दुसरी आणून ताडून पाहिली, टायरमधली हवा पाहिली. सोनूची नजर अधू झाली असेल म्हणून त्याला लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचायला सांगितली. त्याने वाळपई तर वाचलंच, वर काचेवर चिकटवलेली बारीक सूचनाही वाचली. मी आणखीच गोंधळलो. त्याच आठवड्यात त्याच्या "पुरो"वर माझा मागचा दिवा भिंतीला लागून फुटला, आणि शेजारच्या शालूबायच्या जावयाने तिच्या तुळशी वृंदावनाचा कोपरा उडवला.

गल्ली जमली. सोनूला हे काम थांबवायला सांगायचं असं ठरलं. शालूबाय मात्र तुळशीचा कोपरा हातात धरून म्हणाली, "सांगा, पण मग तो सोप्यावर बसान करतलो काय?" तरी ठरलं ते ठरलं. आकडे माझ्याकडे होते, म्हणून सांगायचं मी.

रविवारी दहा वाजता गेलो तर सोपा रिकामा. बघत बघत मोठ्या रस्त्याला लागलो, तर समोरून सोनू येत होता. पाठमोरा. म्हणजे तो उलटा चालत होता. एका अंगाला ट्रकांची रांग, हॉर्न, धूळ, आणि हा गर्दीकडे पाठ करून हात हलवत मागे मागे सरकतोय. त्याच्यापुढे चार पावलांवर काठी घेतलेला एक उंच म्हातारा.

तो बाबल. सोनूचा ड्रायव्हर. त्याच्या गोष्टी मी शंभरदा ऐकल्या होत्या. तो पेडण्याकडे आपल्या गावी असायचा. साखरेने डोळे गेले, म्हणून चतुर्थीनंतर बाजाराजवळ राहणाऱ्या आपल्या मुलीकडे येऊन राहिला होता, हे मात्र सोनू कुणाला बोलला नव्हता. बाबल कुणाला हात धरू देत नाही. पण क्लीनरचं ऐकतो, म्हणून तेव्हापासून सोनूच त्याला असा फिरवत होता.

"येव दे, येव दे. खड्डो आसा, ड्रायव्हर साईडीक मार." बाबलला दिसत नव्हतं, तरी सोनूचा हात हलतच होता. फुटपाथाची पायरी आली. बाबलच्या चपलेचं टोक पायरीला टेकलं, तेव्हा सोनू म्हणाला, "पुरो. आता वर." हातभर आधी सांगितलं असतं तर म्हाताऱ्याचा पाय हवेत पायरी शोधत राहिला असता. मी नजरेनेच मोजलं. शून्य इंच.

माझा हातभर कुठे गेला, ते मला तिथे कळलं.

दोघे हॉटेलाकडे निघाले होते, पातळभाजी आणि उंडा पाव खायला. बाबलपुढे सोनू होता. सोनूच्या पाठीमागे कुणी नव्हतं, आणि गटाराची एक फरशी गेलेली होती. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. सांगायचं ते सगळं तोंडात तसंच राहिलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"येव दे... येव दे... क्लीनर साईडीक. पुरो."

सोनू थांबला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याची टाच आणि गटार यांच्यामध्ये हातभर जागा होती.

माझा आवाज ऐकून बाबलने काठी टेकली. "सोनग्या, मागे कोण आसा?"

"मापारी आसा," सोनू म्हणाला. "तू येव दे."

संध्याकाळी गल्लीला मी एवढंच सांगितलं, की त्याचं "पुरो" ऐकून थांबू नका, त्याआधी अठरा इंच थांबा. आता सगळे तसं करतात. शालूबायचा जावईसुद्धा. सोनू मात्र रोज माझ्या बंपरमागे उभा राहून कपाळाला हात लावतो.

"अजून हातभर जागा आसा, मापारी. ह्या गल्लीत आता कोणाक गाडी मागे घेवक येणा नाय."