लिहियाबाईंच्या पलंगाची मोहीम

मायबाप वाचकांचे हुजुरी अर्ज ऐसा जे, दर्यापार मोतुल कसब्यात विल्बर्त पेच यांचे घरी पलंग कैसा दाखल जाहला, त्यापायी कोण कोण हैराण जाहले आणि अखेर फत्ते कैसी पावली, हे आपण पुसले. त्यास जैसे घडले तैसे लिहितो. पेच यांची अब्रू राखोन लिहावे, तर राखण्याजोगी त्यांनी फारशी ठेविली नाही.

त्या मुलखी थोर-लहान सारे सुती झुल्यात निजतात. भिंतीस आकडे असतात, सांजेस झुले बांधावे आणि सकाळी सोडावे, हा शिरस्ता. कन्या लिहियाबाई, नुकत्या बोलू लागलेल्या, मातोश्री अद्दीबाईंचे झुल्यात निजत. अद्दीबाई गरोदर, दिवस भरत आलेले, आणि या कन्या बाईसाहेब निद्रेत पोटावर लाथांचा ऐसा मारा करीत की अद्दीबाईंचे डोळ्यास डोळा लागेना. मग सुईणीने सक्त ताकीद दिली की बाईस झोप न मिळे तर कळा सोसावयास अंगी बळ उरणार नाही, आणि अद्दीबाईंनी फर्मान सोडिले, "पोरीची वेगळी सोय करा. बाळ यायच्या आत मला झोप हवीये!"

शहाण्याने दुसरा झुला बांधिला असता आणि विषय संपता. परंतु विल्बर्त पेच, पेशा तीनचाकी रिक्षा हाकण्याचा, मिजास सुभेदाराची! मेरिदा शहरी चुलतभावाचे घरी पलंग पाहिल्यापासोन त्यांचे डोक्यात पलंगच शिरला होता. तो त्यांनी खरीदला, रिक्षाचे टपावर चढविला आणि भर बाजारातून मिरवीत आणिला, मग दारात अडकला म्हणोन चौकट उखडिली, आणि पलंग आत येता खोलीत आणखी झुला बांधावयास जागाच उरली नाही.

पेच घराण्यात पलंगावर निजण्याचा अनुभव कोणासही नव्हता. झुल्यात लांबीस न निजता रुंदीस आडवे पडावे म्हणजे पाठ सरळ राहते, हेच सर्वांस ठाऊक. सबब खासा विल्बर्त पलंगावरही तैसेच रुंदीस आडवे पडले; मुंडके एकीकडे लोंबकळले, टाचा दुसरीकडे. म्हणाले, "बघ लिहिया, बाबा कसा मस्त झोपलाय!" बाईसाहेबांनी नीट निरखोन जाहीर केले, "बाबा मेला."

मग बाईसाहेब स्वतः चढल्या आणि झोका घ्यावयास भिंतीस पाय लाविला आणि जोर केला, परंतु पलंग ढिम्म हलेना. "हा बिघडलाय," ऐसे म्हणोन त्यांनी जो आकांत मांडिला तो गल्लीच्या टोकास ऐकू गेला. रडोन थकोन डोळा लागला तोच पित्यासारख्या आडव्या निजलेल्या बाईसाहेब धप्पकन जमिनीवर आल्या आणि तडक मातोश्रींचे झुल्यात दाखल जाहल्या. बाळंतपणासाठी अद्दीबाईंच्या मातोश्री, म्हणजे लिहियाबाईंच्या आजी, घरी आल्या होत्या. आजीस त्या मुलखी चिची म्हणतात. त्या बोलल्या, "जावईबापू, पैसे मोजून पडायची सोय आणलीत!"

पुढे विल्बर्तांनी गोड पावाची लालूच दाविली, डोळे वटारिले, बेसूर गाणी म्हटली आणि अखेर दोन्ही हातांनी पलंग गदगदा हलविला. हात थांबला की बाईसाहेबांचे डोळे उघडत. इकडे अद्दीबाई इतक्या खंगल्या की बसल्या जागी रडू लागल्या, आणि ते पाहोन विल्बर्तांची मिजास प्रथमच उतरली. खाली मान घालोन ते सासूबाईंस शरण गेले.

चिचींनी फैसला दिला, "तिला झोका नकोय हो. आपलं कुणीतरी शेजारी आहे, एवढं तिला कळायला हवं. आणि हो, पोरीला पलंगाच्या लांबीत उभी झोपवा, आडवी नाही!"

मग सुताची दोरी आणविली. एक टोक बाईसाहेबांचे मुठीत दिले आणि दुसरे पित्याचे पायाच्या अंगठ्यास बांधोन त्यांस त्यांचे झुल्यात निजविले. बाईसाहेब दोरी ओढीत, अंगठा ताणला जाई आणि सुभेदार ओरडत, "आहे गं बाई, इथंच आहे!" ऐशी चाकरी त्यांस जडली. अद्दीबाई मात्र घोरू लागल्या, आणि यथावकाश पुत्र जाहला, माय-लेक खुशाल.

दोरीचे हिसके रोज कमी होत गेले. मग एके रात्री अंगठा ताणलाच गेला नाही. विल्बर्त वाट पाहत राहिले. अखेर न राहवोन त्यांनीच हळूच दोरी ओढिली, तो ती सारी सुटोन हाती आली. पलीकडील मूठ केव्हाच उघडली होती. कन्या गाढ निजली होती, सरळ, आपल्या पलंगावर, एकटी.

येणेप्रमाणे पलंग सर जाहला आणि फत्ते विल्बर्त पेच यांचे नावे नोंदिली. फत्तेचे रात्री घरात सारे निजले. विल्बर्त मात्र दोरी उराशी धरोन उजाडेतो जागे होते.