केसोबाचा आकडा शून्य

एका जंगलात, बाळांनो, केसोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. नदीपलीकडच्या शाळेत जाणाऱ्या पिल्लांना रोज सकाळी पाठीवर बसवून पोहोचवायचं, हे त्याचं काम. पिल्लं त्याला केसोमामा म्हणायची. त्याचा या कामावर भारी जीव होता.

पण केसोबा घोरायचा. तुमचे आजोबा घोरतात, तसं साधं नव्हे. मध्येच घोरणं थांबायचं, श्वासही थांबायचा, आणि मग तो गुदमरून दचकून उठायचा. रात्रभर हेच चालायचं. मग दिवसा पेंग येणारच. एके सकाळी भर नदीत त्याची मान खाली गेली. पिल्लं किंचाळली, म्हणून निभावलं.

आरोग्य समितीचे अध्यक्ष धवलराव बगळे एका पायावर उभे राहून विचार करू लागले. मग त्यांनी एक मशीन मागवलं. झोपताना नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवा येणार, घसा उघडा राहणार. सकाळी मशीनच्या काचेवर आकडा उमटणार. तासाला किती वेळा श्वास अडला, त्याचा आकडा.

"पाचाच्या खाली आला तर काम तुमचंच," धवलराव म्हणाले. "नाहीतर पिल्लं कासवाकडे."

कासवाच्या पाठीवरून निघालेली पिल्लं शाळा सुटायच्या वेळेला पोहोचली असती.

पहिल्या दिवशी आकडा आला एकवीस. दुसऱ्या दिवशी एकोणीस. केसोबाची बायको झिपराबाई मशीनकडे बघत नसे. ती कान देऊन पडून राही.

"अहो, दाढीच्या केसांतून हवा सुटतेय," ती म्हणाली. "फुसफुस ऐकू येते मला. मोठा मास्क मागून घ्या. पंधरा दिवसांत बरं वाटेल."

"तुला काय कळतंय त्यातलं?" केसोबा म्हणाला. जंगलातल्या नवऱ्यांची ही जुनी खोड आहे, बाळांनो. तुमच्या घरी नसेल.

तिसऱ्या रात्री काळजीनं त्याचा डोळाच लागला नाही. मास्क लावून तो गुहेच्या छताकडे बघत पडला. सकाळी आकडा आला शून्य!

आता श्वास अडायचा तो झोपेत. जाग्या अस्वलाचा कशाला अडेल? पण डोळे उघडे होते की मिटलेले, हे मशीनला काय ठाऊक? आणि धवलरावांनी ते विचारलं नाही.

"शून्य! जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदा!" ते ओरडले.

"साहेब, पण मी झोपलोच..."

"आकडा बोलतोय, केसोबा. तुम्ही गप्प बसा."

जांभळीखाली त्याचा सत्कार झाला. शाल आली, श्रीफळ आलं. पिल्लांनी टाळ्या पिटल्या. केसोबा काय समजायचं ते समजला.

त्या दिवसापासून तो रोज मास्क लावून जागा राहू लागला. आकडा रोज शून्य.

"अहो, झोपा हो थोडं," झिपराबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"झोपलो तर एकोणीस येतील. मग माझी पिल्लं गेली."

झिपराबाई घाबरली होती. रोज सकाळी ती काठाकाठानं त्याच्याबरोबर चालू लागली.

आठव्या दिवशी पाठीवर सात पिल्लं होती. भर नदीत केसोबा उभ्या उभ्या घोरू लागला. मग घोरणं थांबलं. मग केसोबा पाण्याखाली गेला, आणि पिल्लंही गेली. झिपराबाईनं उडी टाकली. एकेकाला मानगुटीला धरून तिनं काठावर आणलं, शेवटी नवऱ्यालाही ओढलं. सगळी वाचली. दोन दप्तरं तेवढी वाहून गेली.

दुपारी चौकशी बसली. धवलरावांनी मशीन मागवलं, काच पुसली, आकडा पाहिला.

"काल रात्री शून्य. म्हणजे झोप उत्तम झाली. झोप उत्तम झालेला प्राणी नदीत झोपेल कसा?"

"मामा घोरत होते!" पिल्लं एका सुरात म्हणाली.

"नदीत मशीन लावलं नव्हतं. त्यामुळे घोरण्याची नोंद नाही."

"रात्रभर जागे असतात हो ते!" झिपराबाई कळवळून म्हणाली. "मी शेजारी असते ना!"

"तुमचा आकडा किती?" धवलरावांनी विचारलं.

तिच्याकडे आकडा नव्हता. निकाल लागला. झिपराबाईनं उडी मारल्यामुळे नदीत लाटा उठल्या आणि पिल्लं घाबरली. यापुढे तिनं काठावर फिरकू नये. केसोबाचं काम चालू राहील, आणि एवढ्या प्रसंगातही आकडा टिकवल्याबद्दल त्याला दुसरी शाल.

केसोबानं निकाल ऐकला नाही. शाल अंगावर पडताच तो बसल्या जागी झोपला होता. टाळ्या मात्र जोरात झाल्या.

दुसऱ्या दिवशी आईबापांनी पिल्लं पुन्हा त्याच्याच पाठीवर बसवली. शून्य आकड्याचं अस्वल कुणाला नको असतं? एका सशिणीनं तेवढं आपलं पिल्लू कासवाकडे दिलं. ते रोज कोरडं पोहोचतं, पण उशिरा. त्याला वर्गाबाहेर उभं करतात.

तात्पर्य: बाळांनो, श्वास अडू नये असं वाटत असेल तर झोपूच नका. आणि बुडायची वेळ आलीच, तर आधी आकडा दाखवा. म्हणजे तुम्ही बुडालाच नाहीत, हे सिद्ध करता येईल.