आधी रिपोर्ट, मग पोहे

आमच्या समोरच्या दारातल्या अनंतभाऊजींकडे कुणी गृहस्थ भेटायला आले, की भाऊजी आधी त्यांचा रक्ताचा रिपोर्ट बघतात आणि मगच पोह्यांची बशी पुढे करतात.

भाऊजी बँकेतले, बदलीवर नागपूरहून इथे कोलकात्यात, डमडमला आलेले. पहिल्याच महिन्यात चहाला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, मला बायको बघू नका. नवरा चालेल." आमच्या ह्यांना ठसका लागला. मग थोडा विचार करून ह्यांनी विचारलं, "आपल्यातलाच हवा का?"

तेव्हापासून दोघांची गट्टी.

स्थळं भाऊजी फोनवरच शोधतात. समोरचा माणूस गुलाबाची फुलं पाठवतो, चंद्र पाठवतो. भाऊजी लिहितात, "शेवटची एचआयव्हीची तपासणी कधी केली?" मग फोन माझ्याकडे वळवून म्हणतात, "पळाला. देखणा होता हो."

जो पळत नाही त्याच्यासाठी रविवारी कांदेपोहे. ते करते मी, कारण भाऊजींचे पोहे चमच्याने उचलले, की गोळा होऊन एकदमच सगळे येतात. एकदा एका बंगाली पाहुण्याने बशी बघून काळजीने विचारलं, "पोट बिघडलंय का तुमचं?" त्यांच्याकडे पोट बिघडलं की दह्यात पोहे कालवून खातात. पोट ठणठणीत आहे एवढं सांगून भाऊजींनी त्याला आमच्याकडे कांदेपोह्यांवर लग्नं कशी जमतात ते समजावलं.

बडीशेपेच्या डब्यातच एका कप्प्यात निरोधची पाकिटं असतात. मी पहिल्यांदा डबा उघडला आणि तसाच मिटला. भाऊजी शांतपणे म्हणाले, "रिपोर्ट कालचा असतो, वहिनी. निरोध आजचा लागतो." जाताना प्रत्येकाला बडीशेप आणि पाकीट. पसंत नसलेल्यालाही. "मला नाही आवडला, पण कुणाला तरी आवडेलच की," म्हणतात.

न्यू टाउनमधला एक इंजिनियर सुईला घाबरायचा. भाऊजी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले, आधी स्वतःची तपासणी करून घेतली, म्हणाले, "मुंगी चावते तेवढंच." त्या इंजिनियरचं पुढे दुसऱ्याशीच जमलं. पेढे मात्र त्याने भाऊजींना आणून दिले. भाऊजींनी ते आम्हालाच वाटले, एकही खाल्ला नाही.

गेल्या रविवारी सकाळीच ते आमच्या दारात उभे. नवा कुर्ता, गुंडी एक सोडून दुसऱ्या काजात लावलेली.

"आज हावड्याहून तपनबाबू येतायत. त्यांना एचआयव्ही आहे. पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितलं त्यांनी."

मी विचारलं, "मग?"

"डॉक्टरांना विचारून आलो. गोळ्यांनी विषाणू इतका दबलाय की तपासणीत सापडत नाही. गोळ्या चालू आहेत तोवर शरीरसंबंधातून तो मला लागणार नाही. मग काय, पोह्यांत साखर जरा जास्त घाला."

मी वळले, तरी ते जाईनात. गुंडीशी चाळा करत म्हणाले, "वहिनी, आपल्याकडचं कुणीतरी बसायला हवं ना. नागपूरला माझ्या दादाला फोन केला होता. त्याने तपनबाबूंचं नाव ऐकताच ठेवून दिला. तुम्ही बसाल?"

दूधवाला बोलायला लागला तरी मी पदर सावरत आत पळते. पण त्या दिवशी भाऊजींकडे जाऊन खुर्चीवर बसले.

तपनबाबू सावळे, बारीक, अगदी घाबरलेले. रिपोर्टाची घडी हातातच धरून होते. भाऊजींनी तो मागितला नाही. दोघंही खाली बघत बसले. पोहे निवायला लागले.

बैठकीत मोठ्यांनीच बोलायचं असतं. मोठी मीच होते.

माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना?"

"रोज घेतो, दीदी."

"मग आमच्याकडून पसंती आहे," मी म्हणाले.

भाऊजींनी बशी उचलली आणि तपनबाबूंपुढे धरली. तपनबाबूंनी रिपोर्टाची घडी खिशात घातली आणि बशी घेतली.