कपाट रिकामं झालं

बायनाबाईंना पुस्तकांशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना कपाट हवं होतं. पापड-कुरडयांचे सतरा डबे पलंगाखाली उंदरांच्या तावडीत, आणि घरातलं एकुलतं एक लोखंडी कपाट सुंदरराव गुरुजींच्या पुस्तकांनी अडवलेलं. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण गुरुजींनी एक पान उलटलं असेल तर शपथ!

"आवो, आपल्या शाळंत वाचनालय न्हाई म्हणं. देऊन टाका की. लई नाव हुईल तुमचं."

नाव म्हटल्यावर गुरुजी विरघळलेच. तेलगावला जाऊन 'थोर दानशूर' असा बॅनरही छापून आणला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बायनाबाईंनी धूळ झटकायला पहिलं पुस्तक उघडलं आणि त्यांचा हात थांबला. पहिल्या पानावर जांभळा गोल शिक्का होता.

"ह्यो तर शाळंचाच शिक्का हाय!"

"अगं, तीस वर्षांमागं शाळा गळत हुती. भिजतील म्हणून घरी आणली. मग राहूनच गेलं बघ."

"म्हंजी शाळंत वाचनालय न्हाई ते तुमच्यामुळंच!"

"हळू बोल की! बॅनर लागलाय."

आता माघार कशी घेणार? गुरुजींनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून घेतली आणि प्रत्येक शिक्क्यावर 'सप्रेम भेट'ची चिठ्ठी डकवली. एकशे बारा पुस्तकं ओलीच शाळेत पोचली.

शाल झाली, नारळ झाला. सरपंच विजयसिंह म्हणाले, "असा दाता तालुक्यात न्हाई!" मग मुख्याध्यापिका सत्यशीला मॅडमनी चौथीतल्या सुकन्याला पहिलं पान वाचायला सांगितलं. तिनं पुस्तक उघडलं, चिठ्ठी घसरून तिच्या हातात आली, आणि त्या हुशार पोरीनं खणखणीत आवाजात आपल्याच शाळेचं नाव वाचलं.

गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. नवऱ्याची ती दशा बायनाबाईंना बघवेना. पदर खोचून त्या उठल्या.

"मग? त्येंनीच संबाळली की! छत गळत हुतं तवा कोण आलतं? वाळवीनं खाल्ली असती समदी. लेकरावानी जपली त्येंनी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमना तर भरून आलं. त्यांनी शाळेच्या सामानाचं जुनं रजिस्टर काढलं.

"गुरुजी, ही नोंद मला दोन वर्षं छळत होती. पुस्तकं एकशे बारा, मिळाली! आणि लोखंडी कपाट, नग एक. तेही जपलंय ना?"

गुरुजींनी बायनाबाईंकडं पाहिलं. सकाळी निघायच्या आधीच बाईंनी कपाट पुसून, पेपर अंथरून सतराही डबे ओळीनं मांडले होते.

"जपलंय म्हंजी!" सरपंच गरजले. "आत्ताच ट्रॅक्टर पाठवतो!"

बायनाबाईंच्या तोंडून कसंबसं निघालं, "लेकरावानी."

दुपारी गुरुजी नवी शाल सावरत डबे पुन्हा पलंगाखाली ढकलत होते. समोर खुर्चीत बसून बायनाबाई फणकारल्या, "शाळंचं अजून काय काय संबाळलंय, ते आत्ताच सांगा!"

गुरुजींनी एकदा त्या खुर्चीकडं बघितलं, आणि गुपचूप पुढचा डबा ढकलला.